रकान्यांचे राज्य

तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर माझे टेबल आहे. खरेदीखते, हक्कसोडपत्रे, वारस नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे लिहून देणे हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय. शिक्षण बारावीपर्यंतचे. इतिहासाचे वाचन जे काही झाले ते दुपारी पक्षकार नसताना आणि रात्री जेवण उरकल्यावर. त्यामुळे पुढील विवेचनात विद्यापीठीय शिस्त सापडणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कागद कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, एवढे मात्र मला धंद्यामुळे कळते. त्याच एका कौशल्याच्या भरवशावर हा लेख लिहिला आहे.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या गावातले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे आले. कोकणी मुसलमान कुटुंब. वडिलोपार्जित जमिनीच्या सात-बारावर वारसांची नावे लावायची होती. त्यांचे चुलते तरुणपणी मुंबईहून बोटीने दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला गेले आणि तिथेच राहिले. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरून पूर्वी बरीच माणसे अशी केपला गेली. या चुलत्यांनी तिथल्या मलाय मुसलमान घरातली मुलगी केली होती. डच लोकांनी आग्नेय आशियातून जी माणसे गुलाम किंवा कैदी म्हणून केपला नेली, त्यांच्या वंशजांना तिकडे मलाय म्हणत. चुलत्यांना दोन मुलगे झाले. दोघांच्या जन्मदाखल्यांच्या नकला पाकिटात होत्या. मी नावे-तारखा उतरवून घेत होतो आणि एका जागी थांबलो. थोरल्याच्या दाखल्यात वंशाच्या रकान्यात 'इंडियन' होते, धाकट्याच्या दाखल्यात 'मलाय'.

मी विचारले, "चाचा, हे दोघे सख्खे भाऊ ना?"

"एका आईचे, एका बापाचे. का हो भाऊ?"

"इथे दोघांची जात वेगळी लिहिली आहे."

"तिथल्या कारकुनाने लिहिली असेल. पुढे म्हणे दोघांना घरंही वेगवेगळ्या भागात घ्यावी लागली. आम्हाला वाटायचं, भांडले असतील."

वारस नोंद झाली, पैसे मिळाले, चाचा गेले. ते वाक्य मात्र माझ्याकडे राहिले. दोन भावांत भांडण नव्हते. त्या दोघांना वेगळे करणाऱ्या कारकुनाच्या मनात त्यांच्याविषयी काही वाकडे असेलच, असेही नाही. त्याच्यासमोर एक छापील नमुना होता, त्यात एक रकाना होता आणि तो कोरा ठेवायची परवानगी नव्हती. तिथून मी दक्षिण आफ्रिकेतील अपार्थाइडविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनातून माझे जे मत झाले ते असे: आपण मराठी वाचकांनी हा इतिहास मनाच्या कपाटात ठेवला, आणि तो कचेरीच्या कपाटात होता.

एका शब्दाचे भाषांतर

मराठी वृत्तपत्रांनी 'अपार्थाइड'साठी जे शब्द रुळवले त्यांत 'वर्णद्वेष' सर्वांत ठळक आहे. 'वर्णभेद', 'वंशभेद' हेही आहेत. पण जुने अंक चाळले तर 'वर्णद्वेष्टी राजवट' हा प्रयोग पानोपानी भेटतो. मूळ शब्द आफ्रिकान्स भाषेतला. त्यातला 'हाइड' हा प्रत्यय आपल्या 'पण' किंवा 'पणा'सारखा. म्हणजे शब्दशः अर्थ 'वेगळेपण'. त्यात द्वेष कुठेच नाही.

आपल्या भाषांतरकारांनी चूक केली, असे मी म्हणणार नाही. सरकारने सौम्य शब्द निवडला तो मुखवटा म्हणून, आणि मराठीने तो मुखवटा काढून खालचा चेहरा दाखवला. हे भाषांतर म्हणजे एक नैतिक निवाडाच आहे, आणि तो बरोबर आहे. पण त्याची एक किंमत आपण मोजली. 'द्वेष' म्हटले की डोळ्यांसमोर चाबूक, कुत्री, शिव्या, लाल झालेले गोरे चेहरे येतात. दोष माणसाच्या काळजात जातो, आणि मग त्याचा इलाजही काळजातच शोधला जातो: हृदयपरिवर्तन, क्षमा, महापुरुष. काळजात नसलेली गोष्ट म्हणजे नमुना, नोंदवही, नकाशा, अंदाजपत्रक, शिक्का. ती नजरेतून निसटते.

१९४८ च्या मे महिन्यात नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि डॉ. मालान पंतप्रधान झाले. १९५० साली दोन कायदे झाले: लोकसंख्या नोंदणी कायदा आणि वसाहत-क्षेत्र कायदा. पहिल्याने प्रत्येक माणसाला एका गटात नोंदवले, दुसऱ्याने प्रत्येक गटाला जमिनीचा तुकडा नेमून दिला. आधी माणसांची नोंदवही, मग जागेचा नकाशा. ज्याने कधी जमीनमोजणी पाहिली आहे त्याला हा क्रम लगेच ओळखू येईल. त्याच १९५० च्या जानेवारीत आपली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले. एक राज्य माणसामाणसांतली भिंत कायद्याने पाडू पाहत होते आणि दुसरे तीच कायद्याने बांधत होते. आपल्याकडची भिंत कागदावर पडूनही गावात किती उभी राहिली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिकडची भिंत मात्र कागदावरच जन्मलेली होती, आणि म्हणून ती कागदातच वाचली पाहिजे.

लोकसंख्या नोंदणी कायद्यातली 'गोरा' या शब्दाची व्याख्या मी दस्तलेखकाच्या नजरेने पुन्हा पुन्हा वाचली. तिचा आशय असा की जो दिसायला उघडच गोरा आहे किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरा मानले जाते, तो गोरा. पण दिसायला गोरा असूनही लोक ज्याला 'कलर्ड' मानतात, तो गोरा नव्हे. म्हणजे व्याख्या रक्तावर नाही, जन्मावर नाही. ती शेजाऱ्यांच्या समजुतीवर उभी आहे. माझ्याकडे कोणी असा मसुदा आणला असता तर मी परत पाठवला असता. 'जमीन त्याची, जो लोकांना तिचा मालक वाटतो' असे खरेदीखत टिकेल का? हे खरेदीखत मात्र टिकले, कारण निकाल देणारा, मोजणी करणारा आणि लाभ घेणारा एकच होता. संशय असेल तिथे केसांत पेन्सिल अडकवून ती खाली पडते का हे पाहत. ही पेन्सिल पुढे जगभर कुप्रसिद्ध झाली. मला तिच्यापेक्षा तिच्यानंतरची पेन अधिक भयंकर वाटते. पेन्सिल पडली की नाही हे क्षणात ठरते. पेनाने लिहिलेले मात्र त्या माणसाच्या शाळेला, लग्नाला, घराला आणि कबरीलाही लागू होते.

दुभाष्याचे पुस्तक

हा इतिहास सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. कोणते पुस्तक कचेरीच्या आत शिरते आणि कोणते बाहेरच्या पायरीवर बसून हळहळते, एवढाच निकष मी लावतो. त्या निकषावर मला सर्वांत मोठे वाटलेले पुस्तक अपार्थाइडच्याही आधीचे आहे.

सोल प्लाटये या माणसाचे मिशनच्या शाळेतले शिक्षण अगदी थोडे. किंबर्लीला टपालखात्यात निरोप्या, मग माफेकिंगच्या न्यायालयात दुभाषी, मग पत्रकार आणि संपादक. पुढे ज्या संघटनेचे नाव आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाले, तिचा हा पहिला सचिव. शेक्सपिअरची नाटके त्याने आपल्या सेत्स्वाना भाषेत नेली. इंग्रजीत लिहिलेले 'नेटिव्ह लाइफ इन साउथ आफ्रिका' हे त्याचे पुस्तक १९१६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. विषय एकच: १९१३ चा भूमी कायदा. देशाच्या लोकसंख्येत आफ्रिकी लोक सुमारे दोन तृतीयांश होते. या कायद्याने त्यांच्यासाठी राखलेली जमीन होती सुमारे ७ टक्के. १९३६ च्या दुसऱ्या कायद्याने तो आकडा वाढवून सुमारे १३ टक्के करायचे ठरले. राखीव क्षेत्राबाहेर आफ्रिकी माणसाला जमीन विकत घेणे बंद झाले. ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीने कसणेही बंद झाले.

प्लाटयेने काय केले? कायदा लागू झाल्यावर त्या कडाक्याच्या हिवाळ्यात तो सायकल घेऊन फ्री स्टेटच्या रस्त्यांवर फिरला. गुरेढोरे घेऊन वाट फुटेल तिकडे चाललेली कुटुंबे त्याने पाहिली. त्यातल्या एका कुटुंबाचे तान्हे मूल वाटेत दगावते. त्याला पुरायला जमीन नाही, कारण ज्या जमिनीवर उभे आहेत तिच्यावर उभे राहणेच गुन्हा आहे. शेवटी ते रात्रीच्या अंधारात चोरून खड्डा खणतात. हा प्रसंग वाचून डोळे भरून येतात. पण प्लाटये तिथे थांबत नाही, आणि म्हणून मी त्याला थोर मानतो. तो लगेच कलमांकडे वळतो. कोणते कलम, त्यात कोणता शब्द, संसदेत कोण काय बोलले, दंड किती, कैद किती, हे तो एकेक करून मांडतो. न्यायालयात दुभाष्याचे काम केलेला माणूस शब्द सोडत नाही. त्याच्या पुस्तकात अश्रू आणि कलम एकाच पानावर आहेत.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. १९४८ च्या आधी सारे ठीक होते आणि मग काही माथेफिरू आले, ही समजूत खोटी आहे. १९१३ चा कायदा ब्रिटिश साम्राज्याच्या छत्राखाली झाला. खाणकामगारांना कुंपणाच्या आवारात कोंडून ठेवण्याची पद्धत किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत १८८० च्या दशकातच आली होती. १९२३ च्या शहरी क्षेत्र कायद्याने शहरातल्या आफ्रिकी माणसांसाठी वेगळ्या वस्त्या केल्या. मालान आणि त्यांच्यानंतरच्या फेरवूर्ट यांनी घर बांधले, पण पाया घातलेला होता. खाणीला स्वस्त मजूर हवा होता आणि शेतीला हक्क नसलेला गडी. द्वेष या गरजेच्या हाताशी आला, आणि तिला फार उपयोगी पडला.

पायरीवरची कादंबरी

ॲलन पेटन यांची 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' ही कादंबरी १९४८ मध्येच, नॅशनल पार्टीच्या विजयाआधी काही महिने प्रसिद्ध झाली. मला ती आवडते. जोहान्सबर्गला बहीण आणि मुलगा शोधायला निघालेला खेडेगावचा काळा पाद्री, मुलाच्या हातून झालेला खून आणि मारल्या गेलेल्या गोऱ्या तरुणाचा बाप, या दोन पित्यांची भेट कुणालाही हलवील. तरी आज ती वाचताना मला एक रुखरुख लागते. शेवटी गोरा जमीनदार गावच्या मुलांना दूध पाठवतो, धरणाची व्यवस्था करतो, दोन म्हातारी माणसे एकमेकांचे दुःख ओळखतात. पण त्या खेड्यातली जमीन निकस का झाली, तरुण शहराकडे का पळाले, याचे उत्तर १९१३ आणि १९३६ च्या आकड्यांत आहे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून त्याच्या दुधाबद्दल कृतज्ञ राहावे, अशी काहीशी गत इथे होते. पेटन स्वतः काळ्या मुलांच्या सुधारगृहाचे मुख्य अधिकारी होते आणि पुढे त्यांनी या राजवटीला सातत्याने विरोध केला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. त्यांनी रोग काळजात पाहिला, एवढाच माझा आक्षेप आहे.

नेल्सन मंडेला यांच्या आत्मचरित्राबाबत दोष पुस्तकाचा नसून आपल्या वाचनाचा आहे. आपण रॉबेन बेटावरचा तुरुंग आणि सुटकेनंतरची क्षमा वाचतो, त्यावर शाळेत भाषणे करतो. १९५२ साली मंडेला आणि ऑलिव्हर टाम्बो यांनी जोहान्सबर्गला वकिली कचेरी उघडली, तो भाग मात्र भराभर उलटतो. त्या कचेरीत रोज सकाळी जिन्यापर्यंत माणसे दाटलेली असत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचा गुन्हा म्हणजे चुकीच्या दाराने आत जाणे, चुकीच्या बसमध्ये चढणे, पासावर सही नसणे. माझ्या टेबलासमोर बसणारी माणसे मी रोज पाहतो. कागद उलटा धरून उभी असलेली, साहेब काय म्हणतील या भीतीने घामेजलेली. त्यामुळे मला ते प्रकरण रॉबेन बेटापेक्षा जवळचे वाटते.

खातेवार छायाचित्रे

माझ्या निकषावर प्लाटयेच्या शेजारी बसेल असे दुसरे पुस्तक म्हणजे अर्नेस्ट कोल या छायाचित्रकाराचे 'हाउस ऑफ बॉन्डेज'. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये ते निघाले आणि दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी आली. २०२२ ची नवी आवृत्ती पुतण्याने मला आणून दिली.

कोल १९४० साली प्रिटोरियाजवळ जन्मला. कायद्याने तो 'नेटिव्ह' होता, म्हणजे खिशात पास हवा आणि प्रत्येक वळणावर पोलीस. त्याने आपल्या आडनावाचे स्पेलिंग बदलून घेतले आणि स्वतःची नोंद 'कलर्ड' गटात करवून घेतली. पासाचे जोखड गेले, हिंडायची मोकळीक मिळाली. ज्या रकान्याने लाखोंना कोंडले, तोच रकाना फिरवून या तरुणाने कॅमेऱ्यासाठी वाट काढली.

पुस्तकातली चित्रे प्रसिद्ध आहेत. वैद्यकीय तपासणीसाठी भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभे असलेले नग्न खाणकामगार. जमिनीवर गुडघे टेकून लिहिणारा, घामाने निथळणारा शाळकरी मुलगा. बेड्या घातलेल्या माणसांची रांग, गुन्हा एवढाच की गोऱ्यांच्या भागात परवान्याविना सापडले. माणसांनी फुटू पाहणाऱ्या लोकलगाड्या. पण मला चित्रांइतकीच त्यांची मांडणी महत्त्वाची वाटते. प्रकरणे अशी आहेत: खाणी, पोलीस आणि पास, रेल्वेप्रवास, घरगडी, शिक्षण, रुग्णालय, हद्दपारी. ही सरकारी खात्यांची यादी आहे. कोलने प्रत्येक खात्याच्या दारात जाऊन त्याचा वार्षिक अहवाल सादर केला, फक्त आकड्यांऐवजी चेहरे छापले.

पास म्हणजे काय हे त्या पानांवरून नीट कळते. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी माणसाने बाळगायची ती एक पुस्तिका: छायाचित्र, गट, कराची पावती, कामाचा परवाना, आणि दर महिन्याला मालकाची सही. शहरात ७२ तासांहून अधिक राहायचे तर तिथला जन्म, एकाच मालकाकडे सलग १० वर्षे नोकरी किंवा १५ वर्षांचे सलग कायदेशीर वास्तव्य सिद्ध करावे लागे. मालक सही करायला विसरला की गडी तुरुंगात. मग द्वेष कोणी केला? मालकाने तर फक्त विसरभोळेपणा केला. या यंत्रणेत क्रूर व्हायला क्रूर माणसांची गरज नव्हती, विसरभोळी पुरत. विसाव्या शतकात पासाच्या कायद्यांखाली झालेल्या अटका आणि खटले दीड कोटीहून अधिक भरतात.

कोलच्या पुस्तकावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की खिडकीच्या आतला कारकून त्यात फारसा दिसत नाही. कॅमेरा रांगेतल्या माणसाबरोबर उभा आहे. काउंटरपलीकडे त्याला प्रवेश नव्हता, हे खरे. पण त्यामुळे यंत्रणा पुन्हा निनावी राहते. दुसरा आक्षेप, यातली काळी माणसे जवळजवळ सर्वत्र सोसताना दिसतात. त्यांचे संगीत, चित्रकला, नृत्य यांवरचे प्रकरण कोलने तयार केले होते, पण ते १९६७ च्या पुस्तकात आले नाही. २०२२ च्या आवृत्तीत ते आले. पहिल्या आवृत्तीच्या वाचकाला दया वाटली असेल. नव्या आवृत्तीच्या वाचकाला थोडा आदरही वाटेल. कोलला मात्र ते पाहता आले नाही. १९६६ साली देश सोडलेला हा माणूस फेब्रुवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कला वारला, मंडेलांच्या सुटकेनंतर आठवड्याभराने.

कायद्यांची गोड नावे

सरकारचीही एक साहित्यसंपदा असते, आणि तिचीही समीक्षा व्हायला हवी. १९५२ साली आफ्रिकी पुरुषांवर एकच देशव्यापी पासपुस्तिका सक्तीने लादणारा कायदा झाला. पुढे ती स्त्रियांवरही आली, आणि तिच्याविरुद्ध ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २०,००० स्त्रिया प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीवर चालून गेल्या. या १९५२ च्या कायद्याचे नाव होते 'पास रद्द करण्याचा' आणि कागदपत्रांच्या एकसूत्रीकरणाचा कायदा. १९५९ साली काळ्या विद्यार्थ्यांना खुल्या विद्यापीठांची दारे बंद झाली. कायद्याचे नाव 'विद्यापीठीय शिक्षण विस्तार'. लोकांना घरांतून उठवून दूर नेऊन टाकणारे खाते होते 'समाज विकास' खाते. आफ्रिकी लोकांवर राज्य करणाऱ्या खात्याचे नाव तर काळाबरोबर मऊ होत गेले आणि अखेरीस 'सहकार आणि विकास' झाले.

'समाज विकास' खात्याच्या कारभाराचा नमुना म्हणजे केप टाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स. कारागीर, गोदी कामगार, मलाय, भारतीय, कलर्ड, थोडे गोरे अशी मिसळलेली ती वस्ती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती 'गोरे क्षेत्र' जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ६०,००० माणसे हलवली गेली. घरे बुलडोझरने पाडली, मशिदी आणि चर्च तेवढी शिल्लक राहिली. संपूर्ण देशात १९६० ते १९८३ या काळात अशा सक्तीच्या स्थलांतरात सापडलेल्यांची संख्या ३५ लाखांच्या आसपास मोजली गेली आहे. चाचांच्या त्या दोन चुलत भावांची घरे का दुरावली, ते मला इथे कळले. 'इंडियन'साठी रंगवलेला तुकडा वेगळा होता, 'मलाय'साठी वेगळा.

आपले दार

आता थोडे आपल्याविषयी. गांधीजींना १८९३ साली पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर गाडीतून उतरवले, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. ती कथा 'द्वेषा'च्या चौकटीत नीट बसते: एक उर्मट गोरा, एक अपमानित तरुण. पण सत्याग्रह हे शस्त्र ज्यातून घडले तो लढा एका नमुन्याविरुद्ध होता. ट्रान्सवालच्या कायद्याने प्रत्येक भारतीयाने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायची होती. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात भारतीयांनी ते नोंदणी दाखले कढईत टाकून जाळले. गाडीच्या प्रसंगाचे आपण शिल्प केले. कढईचा प्रसंग इतिहास म्हणून अधिक मोलाचा आहे, कारण तिथे लोकांनी शत्रूला नीट ओळखले होते.

त्याच इतिहासातले दुसरे पानही वाचले पाहिजे. १८९० च्या दशकात डर्बनच्या टपालकचेरीला दोन दरवाजे होते: एक गोऱ्यांचा आणि एक बाकी सर्वांचा. भारतीय पुढाऱ्यांनी अर्ज केला आणि तिसरा दरवाजा मिळवला. आफ्रिकी माणसांबरोबर एका दाराने जायला लागू नये, हा त्यातला हेतू होता. तरुण गांधीजीही त्या मागणीत होते. मोठेपणी त्यांची दृष्टी बदलली, आणि पुढे १९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडून हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण तिसऱ्या दरवाजाचा अर्ज माझ्या डोक्यातून जात नाही. कारण तो अर्ज मी लिहिला असता. उत्तम लिहिला असता. पक्षकाराला जे हवे ते योग्य नमुन्यात बसवून देणे हे माझे काम, आणि भिंत पाडण्यापेक्षा भिंतीत आपले एक दार मागणे नेहमीच सोपे असते.

उरलेली वाटणी

पासाचे कायदे १९८६ साली गेले. भूमी कायदे, वसाहत-क्षेत्र कायदा आणि लोकसंख्या नोंदणी कायदा १९९१ साली रद्द झाले. २७ एप्रिल १९९४ रोजी सर्वांनी मतदान केले. पण नकाशा रद्द करता येत नाही. शहराच्या कडेला टाकलेल्या वस्त्या तिथेच आहेत. कामाला जाण्यासाठी पहाटे उठून लांबचा प्रवास करणारी माणसे तीच आहेत. डिस्ट्रिक्ट सिक्सची मोठी जमीन कित्येक दशके ओसाड पडून राहिली. आज ते सरकार नुकसानभरपाईच्या धोरणासाठी वंशाची नोंद ठेवते, आणि त्यावर तिथे वाद चालतो. मला वाटते, रकाना स्वतः पापी नसतो. तो कोणाच्या हाती आहे, त्यातून कोणाला काय मिळते आणि तो भरण्यात त्या माणसाचा काही शब्द आहे का, यावर सारे ठरते.

म्हणून 'वर्णद्वेष' हा शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. त्याच्या जोडीला एक आपला घरचा शब्द ठेवावा असे सुचवतो: सक्तीची वाटणी. मराठी माणसाला वाटणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. वाटणीपत्रावर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात, एकाही भावाची राहिली तर मी ते नोंदणीला पाठवत नाही. तिकडे एकाच भावाने फीत धरली, त्यानेच मोजले, त्यानेच सही केली आणि मोठ्या कुटुंबाला तेरा टक्के लिहून दिले. द्वेष म्हटले की आपण विचारतो, तो गेला का? वाटणी म्हटले की विचारतो, जमीन परत मिळाली का? दुसरा प्रश्न अजून खुला आहे.

केप टाऊनला डिस्ट्रिक्ट सिक्सचे संग्रहालय १९९४ पासून एका जुन्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये आहे. वस्ती पाडणाऱ्या कामावरच्या एका माणसाने रस्त्यांच्या नावांच्या पाट्या फेकून न देता जपून ठेवल्या होत्या. त्या तिथे टांगलेल्या आहेत. खाली जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरलेला आहे आणि जुने रहिवासी त्यावर आपापल्या घराची जागा स्वतःच्या हाताने लिहितात. मी ते फक्त छायाचित्रांत पाहिले आहे. कोलच्या पुस्तकात न सापडलेला तो यंत्रणेतला माणूस मला या पाट्यांमागे दिसला. बुलडोझरच्या बाजूने पगार घेणाऱ्या माणसालाही पाटी उचलून घरी नेण्याइतकी जागा होती, हे मी माझ्या टेबलापाशी बसताना लक्षात ठेवतो.

चाचा आता नाहीत. त्यांच्या वारस नोंदीची कच्ची प्रत माझ्या जुन्या फायलीत आहे. आपल्या नमुन्यात मयताचे नाव, वारसांची नावे, वय, पत्ता आणि मयताशी नाते एवढेच रकाने होते. केपच्या दाखल्यांवरून मी दोन्ही नावे एकाखाली एक उतरवली आणि नात्याच्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द लिहिला: मुलगा.